सफरचंद मागताना आपण काय मागतो?

मे महिन्यात फळबाजारात गेलेला मराठी माणूस नुसते ‘आंबे द्या’ असं म्हणत नाही. हापूस हवा की पायरी, केशर चालेल का, हे ठरवूनच तो घरातून निघालेला असतो. रस पायरीचा, फोडी हापूसच्या, चोखून खायला रायवळ, अशी वाटणी त्याच्या जिभेला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हाच माणूस सप्टेंबरात सफरचंदाच्या गाडीपुढे येतो तेव्हा विचारतो, ‘सिमला आहे की काश्मीर?’, नाहीतर ‘वॉशिंग्टन कसं दिलं?’ ही तिन्ही गावाप्रांतांची नावं आहेत, फळाचं नाव त्यांत एकही नाही. हे विचारत असताना त्याची नजर फिरते ती लाल रंगावरून. आपल्याकडच्या सफरचंदाची चव एकसुरी झाली आहे अशी तक्रार बरेच जण करतात, आणि तिचा दोष कोणी शीतगृहाला देतं, कोणी औषधफवारणीला. त्यांत तथ्य आहे. पण मूळ कारण या प्रश्नातच आहे, असं मला आज मांडायचं आहे. ज्या फळाला खाणारा जातीच्या नावानं मागत नाही, त्याची चव राखण्याचं कोणाला काही कारण उरत नाही.

हे पटण्यासाठी आधी सफरचंदाचा स्वभाव पाहावा लागेल. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं झाड येत नाही. या झाडाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही. मधमाशीनं दुसऱ्या जातीच्या झाडावरून आणलेला पराग लागतो, त्यामुळे प्रत्येक बी हा नवा संकर असतो. एका फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच निराळी झाडं येतील, आणि बहुतेकांची फळं बारीक, आंबट किंवा तुरट निघतील. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ही सगळी सफरचंदातली रायवळं. कझाकस्तानच्या अल्माटी भागातल्या डोंगरांत सफरचंदाच्या रानटी पूर्वजाची जंगलं आहेत. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह १९२९ साली तिथे पोचले, तेव्हा फळांच्या आकारातलं, रंगातलं आणि चवीतलं वैविध्य पाहून सफरचंदाचं मूळ घर हेच, असं त्यांनी ओळखलं. या असंख्य रायवळांमधलं एखादंच झाड माणसाला आवडतं, आणि आवडलं की ते टिकवण्याचा मार्ग एकच असतो: त्याची काडी किंवा डोळा घेऊन दुसऱ्या खुंटावर कलम बांधणं. म्हणजे जगातली एका जातीची सगळी झाडं हा एकाच झाडाचा विस्तार असतो. कलम बांधणारे हात थांबले की, असलेली झाडं म्हातारी होईपर्यंत ती जात जगते आणि मग संपते. बी पेरून ती परत मिळत नाही.

इंग्लंडमधल्या साउथवेल गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं काही बिया लावल्या. त्यांतलं एक रोप वाढलं. पुढे ते घर मॅथ्यू ब्रॅम्ले या खाटकानं विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकाकारानं त्या झाडाच्या काड्या मागितल्या, तेव्हा ब्रॅम्लेनं अट घातली की फळाला माझं नाव द्या. ते ‘ब्रॅम्लेज सीडलिंग’ आज दोन शतकांनंतरही ब्रिटिश स्वयंपाकघरातलं मुख्य सफरचंद आहे. कच्चं खाल्लं तर दात आंबावेत इतकं ते आंबट. पण शिजवलं की त्याचा हलका, मऊ लगदा होतो, आणि साखर घातल्यावरही आंबटपणा मागे उभा राहतो. गोड सफरचंद शिजवलं तर मिळमिळीत होतं. इंग्रज बाई दुकानात शिजवायचं सफरचंद आणि खायचं सफरचंद असे दोन निरनिराळे जिन्नस मागते, आपण जशी लोणच्याची कैरी वेगळी मागतो. त्या मागणीमुळेच मेरी ॲनच्या एका बीचं झाड आजवर कलमांतून चालत आलं आहे.

सफरचंदाच्या चवीत सामावतं तरी काय काय? साखरेत फ्रुक्टोजचा वाटा मोठा, आंबटपणा मुख्यतः मॅलिक आम्लाचा, सालीत आणि गरात तुरटपणा आणणारी द्रव्यं, आणि या सगळ्यांवर सुगंध. सफरचंदाच्या वासात तीनशेहून अधिक उडनशील द्रव्यं सापडली आहेत, आणि त्यांचं प्रमाण जातीजातीत बदलतं. ‘एलिसन्स ऑरेंज’ चावलं की चक्क बडीशेपेच्या घराण्यातला वास येतो. ‘वूस्टर पिअरमेन’ झाडावर पुरतं पिकू दिलं तर स्ट्रॉबेरीची आठवण देतं. ‘एग्रेमाँट रसेट’ची साल खरखरीत, मातकट, बटाट्यासारखी, आत मात्र सुक्या मेव्याची खमंग चव. ‘ॲशमीड्स कर्नल’ ही तीनशे वर्षांपूर्वीची ग्लॉस्टरची जात दिसायला त्याहून ओबडधोबड, आणि चवीला इतकी तीव्र आंबटगोड की तिच्यापुढे बाजारातलं लालबुंद फळ पाणीदार वाटावं. ‘कॉक्सेस ऑरेंज पिपिन’ पिकल्यावर कानाशी धरून हलवलं तर आतल्या बिया खुळखुळतात. आंबट, गोड आणि सुवास यांचा असा तोल दुसऱ्या सफरचंदात क्वचितच सापडतो. दारूसाठी लावायची सफरचंदं तर आणखी निराळी. त्यांचा तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा जिभेला ओढून धरतो. केंट परगण्यात ब्रॉग्डेल इथे ब्रिटनचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे, आणि तिथे सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती शेजारी शेजारी उभ्या आहेत. माती तीच, पाऊस तोच, आणि तरी दर दोन झाडांमागे चव बदलते. चव फक्त पाण्यामातीची असते असं मानणाऱ्यांनी या बागेचा विचार करावा. पाणीमाती चवीला उजळ करते किंवा मंद करते, पण मुळात काय उजळायचं ते जात ठरवते.

आता या वैविध्याचं बाजारात काय झालं ते पाहू. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत सफरचंदाची सुमारे १७,००० नावं होती. एकाच जातीची अनेक नावं वगळली तरी हजारो जाती उरत. त्याच सुमारास एक नवं फळ पुढे येत होतं. आयोवा राज्यातल्या पेरू गावाजवळ जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेलं एक रोप त्यानं दोनदा छाटलं आणि ते दोन्ही वेळा पुन्हा फुटलं. त्याचं फळ पिवळसर अंगावर लाल रेघांचं, गोड आणि सुवासिक होतं. हायटनं त्याला ‘हॉकआय’ म्हटलं. १८९० च्या दशकात स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेनं ते घेतलं आणि नाव ठेवलं ‘डिलिशस’, म्हणजे चविष्ट. पुढे एखाद्या बागेत एखादी फांदी आपोआप बदलायची आणि मूळ झाडापेक्षा लालभडक फळं द्यायची. बागायतदार त्याच फांदीची कलमं बांधायचे. मग त्या कलमांत आणखी लाल फांदी निघायची. पिढी दर पिढी निवड झाली ती रंगाची. रेघा जाऊन सगळं अंग लाल झालं, आणि तेही लवकर. लवकर लाल होणारं फळ लवकर तोडता येतं. पण सफरचंदात पिष्टाची साखर होणं आणि सुगंध तयार होणं ही पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यातली कामं आहेत. बाहेरून पिकल्यासारखं दिसणारं फळ आतून अर्धवट राहू लागलं. वॉशिंग्टन राज्याच्या बागांवर या फळानं दशकानुदशकं राज्य केलं आणि अखेर खाणाऱ्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरवली. २०१८ मध्ये अमेरिकेत उत्पादनाचा पहिला क्रमांक ‘गाला’नं घेतला.

इथे कोणी मला नेमकं पकडेल. डिलिशसला तर नाव होतं, आणि किती आकर्षक नाव! मग नावानं चव राखली जाते या म्हणण्याचं काय? आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळे मला माझं म्हणणं अधिक नेमकं करावं लागतं. डिलिशसचं नाव जसंच्या तसं राहिलं आणि नावाखालचं फळ बदलत गेलं. कारण खाणाऱ्यानं नाव ओळखलं ते रंगावरून आणि चिकटवलेल्या चिठ्ठीवरून, जिभेनं नव्हे. हापूसच्या नावानं दुसरा आंबा गळ्यात मारला तर जाणता माणूस पहिल्या फोडीला ओळखतो आणि विक्रेत्याला ऐकवतो. नावामागे अशी जीभ उभी असेल तरच नावाचा धाक राहतो. दुकानदार नावं भरपूर देईल, पण नावाला जाब विचारणं खाणाऱ्याच्याच हाती असतं.

भारतातली गोष्टही डिलिशसशीच बांधलेली आहे. कुलू खोऱ्यातल्या बंद्रोल इथे १८७० च्या सुमारास एका कॅप्टननं इंग्लिश पिपिन जातींची बाग लावली. ती फळं आंबटसर होती आणि इथल्या लोकांत फारशी रुजली नाहीत. सॅम्युएल स्टोक्स हे अमेरिकन गृहस्थ १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले, कोटगढला स्थायिक झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि पुढे सत्यानंद झाले. त्यांनी १९१६ मध्ये स्टार्क ब्रदर्सची डिलिशस रोपं कोटगढला लावली. गोड फळ खपलं, गरीब डोंगरी गावांचं अर्थकारण त्यानं पालटलं, आणि हिमाचलची सफरचंदशेती म्हणजे जवळजवळ ‘रॉयल डिलिशस’ असं समीकरण झालं. बाकीच्या जाती परागापुरत्या उरल्या. स्टोक्स यांच्या कामाबद्दल मनात आदर ठेवूनच हे सांगतो. त्या गावांना त्या वेळी पैशाचं पीक हवं होतं आणि त्यांनी ते दिलं.

काश्मीरकडे मात्र स्वतःचं फळ होतं. अंबरी ही तिथली जुनी जात. लांबट, हिरवट-पिवळ्यावर लाल रेघांची, कुरकुरीत, गोड, आणि खोलीत ठेवली तर खोली दरवळावी अशी सुवासिक. उशिरा पिकते आणि शीतगृहाशिवाय हिवाळाभर टिकते. भारतीय जिभेला आंबट सफरचंद नको म्हणून डिलिशस आलं, असं जे सांगितलं जातं त्याचं उत्तर या एका फळात आहे, कारण अंबरी गोडच आहे. शिवाय चिंच, कैरी, आमसूल, कवठ खाणाऱ्या जिभेला आंबट सोसत नाही हेही मला पटत नाही. अंबरी मागे पडली ती शेतीच्या हिशेबानं. झाड फळावर यायला वर्षं लावतं, एक वर्ष धरतं तर दुसऱ्या वर्षी रुसतं, आणि खपली रोगाला बळी पडतं. पेटीतल्या डिलिशसइतका तिला रंगही नाही.

शेतकऱ्याची ही अडचण हाच माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर आहे, त्यानं तुमच्या जिभेसाठी तोटा का सोसावा? त्यानं तो सोसू नये. पण हापूसचं झाडही वर्षाआड धरतं, त्याच्या फळात साका पडतो, मोहोर अवकाळी पावसानं गळतो. तरी रत्नागिरी-देवगडचा बागायतदार हापूस तोडून दुसरं काही लावत नाही, कारण त्या नावाला भाव मिळतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसच्या संकरातून दरवर्षी धरणारा, साका नसलेला ‘रत्ना’ काढला, तरीही हापूस हटला नाही. अंबरीपाशी काश्मीरबाहेर तिचं नाव घेणारा खाणारा नव्हता, एवढाच फरक. संशोधकांनी तिला सोडलेलं नाही. अंबरी आणि डिलिशसच्या संकरातून ‘लाल अंबरी’, गोल्डन डिलिशसशी संकर करून ‘सुनहरी’ काढली. पण मुंबई-पुण्याच्या बाजारात आलेलं फळ ‘काश्मीर’ याच ढिगात पडणार असेल, तर वेगळ्या कलमाचे वेगळे कष्ट कोण घेईल?

शीतगृहाचा मुद्दा थोडक्यात. प्राणवायू कमी करून फळाचा श्वास मंद करण्याचं तंत्र केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी १९२० च्या दशकात उभं केलं. त्यामुळे ऑक्टोबरचं फळ जूनमध्ये कुरकुरीत मिळतं, पण दीर्घ साठवणीत सुगंध देणारी द्रव्यं कमी तयार होतात. वर्षभर सफरचंद मिळण्याची ती किंमत आहे आणि ती देणं गैर नाही. आंबा बारा महिने मिळत नाही याची आपल्याला कधी खंत वाटली नाही, हे मात्र लक्षात घ्यावं.

हे सगळं आता बोलण्याचं कारण असं की नव्या लागवडी याच वर्षांत होत आहेत. हिमाचलात बुटक्या खुंटांवर दाट बागा लागत आहेत. तिथे गालाच्या नव्या जाती आल्या, आणि डिलिशसचाच गडद रंगाचा प्रकार ‘जेरोमाइन’ही आला, म्हणजे रंगाची निवड थांबलेली नाही. बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत येणारी ‘एचआरएमएन ९९’ ही जात वाढवली, आणि महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती, ‘ॲना’ आणि ‘डॉर्सेट गोल्डन’ लावून पाहिली आहेत. त्यांच्याविषयी जे बोललं जातं ते आपल्याकडे येईल का आणि किती येईल, एवढंच. खायला कशी, हा प्रश्न मागाहून येतो. उष्ण रात्रींत लाल रंग नीट चढत नाही, म्हणजे इथलं सफरचंद रंगाच्या शर्यतीत मुळातच मागे राहणार. त्याला बाजार मिळायचा तर चवीवर मिळेल, आणि ती चव नावासकट ओळखणारा गिऱ्हाईक लागेल.

हायटच्या शेतातलं मूळ झाड १९४० च्या कडाक्याच्या थंडीत मेलं. त्याच्या मुळातून मात्र फुटवे आले. काही रोपवाटिका आजही ‘हॉकआय’ याच जुन्या नावानं त्याची कलमं विकतात. ज्यांना नाव माहीत आहे ते ती मागून घेतात, आणि त्यांच्या बागेत पिवळसर अंगावर लाल रेघांचं ते पहिलं फळ अजून धरतं.