पंप गेला म्हणण्यापूर्वी
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



दिवाळी आटोपली की आमच्या चांदूर रेल्वेच्या रस्त्यांवर कापसाच्या आणि सोयाबीनच्या गाड्यांची गर्दी सुरू होते. त्याच रस्त्यांवर आणखी एक दृश्य हमखास दिसते. कडेला उभा जुना ट्रक, चाकाखाली दगड, मागे झाडाची तोडलेली फांदी आणि केबिनच्या सावलीत डोक्याला हात लावून बसलेला ड्रायव्हर. कोणीतरी फोनवर सांगून मोकळा झालेला असतो, 'पंप गेला असेल.'

तीस वर्षे गॅरेज चालवल्यावर मी अनुभवाने सांगतो, पंप इतक्या सहज जात नाही. पण तो उघडायला मात्र फार लवकर घेतला जातो.

काही वर्षांपूर्वी असाच एक ट्रकमालक माझ्याकडे आला. स्वतःच गाडी चालवणारा, बँकेचा हप्ता डोक्यावर. म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, भरली गाडी दहा-बारा किलोमीटर चालते अन् मंग दम सोडते. पाव घंटा उभी केली का पुन्हा चालू होते." त्याने एकदा पंप उतरवून दुरुस्त करून आणला होता. ऐन हंगामातले दहा दिवस आणि उसनवारीचे पैसे त्यात गेले होते. दुखणे मात्र तसेच. त्याचे पुढे काय झाले ते सांगतो, पण आधी डिझेल इंजिन चालते कसे ते पाहू.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये हे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. यात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे गाडी चालू व्हायला तीन गोष्टी हव्यात. इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि स्वच्छ डिझेल वेळेवर पोचले पाहिजे. टाटांनी १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. तेव्हापासूनच्या साध्या, यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांना हे तीन नियम सारखेच लागू आहेत. तपासणीही याच क्रमाने, फुकटाकडून महागाकडे करावी.

पहिली बॅटरी. सेल्फ मारला आणि नुसते 'टक' वाजले किंवा इंजिन रडत-रडत फिरले, तर डिझेलकडे पाहूच नका. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, घासा, आवळा. चेसिसला जोडलेली अर्थिंगची वायरही पाहा. ती गंजलेली असली तर नवी बॅटरीही काम करत नाही. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर विसावा द्या.

इंजिन जोरात फिरते, तरी चालू होत नाही? मग क्लीनरला सायलेन्सरजवळ उभे करा. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण जळत नाही. थंडी, डिझेलात पाणी, चुकलेले टायमिंग किंवा कमी झालेले कॉम्प्रेशन ही त्याची कारणे. गाडी चालू झाल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी, आधी एअर फिल्टर झटका. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

धूर नसेल तर सर्वांत आधी इंजिन बंद करायची केबल पाहा. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती ओढूनच इंजिन बंद करतात. ती गंजून अर्ध्यात अडकली तर पंप डिझेल सोडतच नाही. दोन थेंब तेलाने सुटणाऱ्या या अडचणीपायी पंप उतरवलेले मी पाहिले आहेत.

त्यानंतर येते हवा, म्हणजे ड्रायव्हर मंडळींच्या भाषेत 'गाडीने एअर घेतली'. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते. तिथे एखादे वॉशर ढिले असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून गळती दिसत नाही आणि दोष पंपावर जातो. उपाय सोपा आहे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळा. पुढे पंपावरच्या स्क्रूलाही तसेच करा. पुन्हा-पुन्हा हवा येत असेल, तर तांब्याची वॉशरे बदला आणि नळी तपासा.

तसेच पाणी. फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ ठेवा. पाणी जड असल्याने खाली बसेल. संध्याकाळी टाकी रिकामी ठेवली, तर रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन टाकीत उतरतो. जमेल तेव्हा मुक्कामापूर्वीच टाकी भरावी.

आता त्या ट्रकमालकाकडे येऊ. मी त्याला म्हटले, "टाकीचं झाकण खोल बरं." झाकण फिरताच आत हवा ओढली गेल्याचा मोठा 'फुस्स' आवाज झाला. झाकणाचे रबर झिजल्यामुळे खड्ड्यांत डिझेल सांडत होते, म्हणून त्याने झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवली होती. त्यामुळे हवा आत घेणारे भोक बंद झाले. डिझेल संपत गेले तशी टाकीत पोकळी झाली आणि फीड पंपाला डिझेल ओढणे जमेना. उभे राहिल्यावर हळूहळू हवा शिरायची, गाडी पुन्हा चालू व्हायची. पिशवी काढली, नवे रबर बसवले, काम झाले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पिशवी मीच लावली होती, भाऊ."

पंप खरोखर खराब आहे का, हे ठरवायलाही एक युक्ती आहे. स्वच्छ डिझेलचा कॅन घ्या, फीड पंपाची नळी टाकीऐवजी त्यात सोडा आणि हवा काढा. गाडी नीट चालली तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे, पंपात नाही. तरीही चालली नाही, तरच पंप-नोझल जाणकाराकडे न्या.

शेवटी जिवाच्या गोष्टी. नोझलकडे जाणाऱ्या नळीतला दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो. गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. ती बारीक धार कातडीत शिरली तर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत हात सडू शकतो. अशा वेळी ताबडतोब दवाखान्यात जा. हवेच्या वाटेवर पेटता बोळा धरून गाडी चालू करू नका, मागे कापूस असतो हे विसरू नका. आणि समृद्धी महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर बंद पडलात, तर आधी गाडी अगदी कडेला घ्या, मागे चमकणारा त्रिकोण ठेवा, मग पाना हातात घ्या. निघताना चाकाखालचे दगड उचलायला विसरू नका. मागून मोटारसायकलवर येणाऱ्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असते.