जुनी मोटार, नवी बॅटरी आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर मोटारीच्या बॅटरीचा विषय कशाला, असे काही पालकांना वाटेल. परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ गॅरेजवर, वायरिंगवर आणि वेल्डिंगवर चालतो. हा धंदा पुढे कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न आपल्या घरातला आहे. म्हणून एका जुन्या मोटारीत केलेल्या बदलाची हकीकत मी आपणापुढे मांडणार आहे.

जपानच्या टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस नावाची हायब्रीड, म्हणजे संकरित, मोटार बाजारात आणली. तिच्यात पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेवर चालणारी मोटरही असते. ब्रेक लावताना जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातील काही भाग विजेच्या रूपाने बॅटरीत साठवला जातो. ही मोटार कधी प्लगला लावावी लागत नाही, हा तिचा गुण म्हणून सांगितला जाई. पण याचा दुसरा अर्थ असा की, तिच्यातील विजेचा प्रत्येक कण शेवटी पेट्रोलपासूनच तयार होतो.

२००४ च्या नमुन्यातील प्रियसची बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड या प्रकारची होती. १.२ व्होल्टचे १६८ घट एकसरीत जोडून २०१.६ व्होल्टचा दाब मिळवलेला होता. तिची साठवण सुमारे १.३ युनिट. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावर असते तेच. बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून गाडीचा संगणक त्यातील जेमतेम अर्धा युनिट वापरू देई. अशी गाडी एका युनिटात साधारण सहा किलोमीटर जाते. म्हणजे निव्वळ विजेवर तीनएक किलोमीटर झाले की पुन्हा पेट्रोल आलेच.

कॅलिफोर्नियातील काही मंडळींनी विचार केला की, बॅटरी मोठी करून ती रात्री घरच्या विजेवर भरली, तर रोजच्या जवळच्या प्रवासाला पेट्रोल कमी लागेल. फेलिक्स क्रेमर यांनी २००२ मध्ये कॅलकार्स नावाची संस्था स्थापन केली होती. तिचे तांत्रिक प्रमुख रॉन ग्रेम्बन यांनी २००४ मध्ये आपल्या घराच्या गॅरेजमध्ये एका प्रियसमध्ये शिसे-आम्लाच्या जादा बॅटऱ्या बसविल्या. गाडी चालली. पण शिशाच्या बॅटरीत एक युनिट साठवायला पंचवीस-तीस किलो वजन लागते, आणि वारंवार खोलवर रिकामी केल्यास ती लवकर थकते. म्हणून पुढची पायरी लिथियमची होती.

येथे विद्यार्थ्यांनी एक नाव लक्षात ठेवावे. मोरोक्कोतील फेस शहरात १९५३ साली जन्मलेले रशीद यझामी यांनी १९८० च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे संशोधन करताना दाखवून दिले की, ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम शिरू शकते आणि पुन्हा बाहेर येऊ शकते. आज बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचे ऋणाग्र ग्रॅफाइटचेच असते. या कार्याबद्दल २०१४ चे ड्रेपर पारितोषिक त्यांना जॉन गुडइनफ, योशिओ निशी आणि अकिरा योशिनो यांच्यासमवेत मिळाले. गुडइनफ यांच्या टेक्सास येथील गटाने १९९७ मध्ये लिथियम-लोह-फॉस्फेट या पदार्थाचा शोध प्रसिद्ध केला. तो इतर अनेक लिथियम प्रकारांपेक्षा उष्णता अधिक सोसतो, म्हणून जुन्या गाडीतील बदलासाठी तो पसंत पडला.

२००८ मध्ये अमेरिकेत प्रियससाठी असा तयार संच विक्रीस आला. साठवण पाच युनिट, वजन सुमारे ८५ किलो, आणि भरण्यास साडेपाच तास. गाडीची मूळ बॅटरी तशीच ठेवून हा संच मागच्या डिकीत बसत असे. बॅटरी भरलेली आहे असे गाडीच्या संगणकाला दिसत राही, म्हणून तो मोटरला अधिक वीज देई आणि इंजिनाला कमी कामास लावी. पहिल्या पन्नासएक किलोमीटरपर्यंत लिटरला वीसऐवजी चाळीस किलोमीटरच्या आसपास मजल पडे.

आता हिशेब पाहू, कारण हिशेबाशिवाय कोणतेही तंत्र पुरे होत नाही. संचाची किंमत सुमारे दहा हजार डॉलर होती. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे एक हजार लिटर पेट्रोल पाचशेवर आले असे धरा. तेव्हाच्या तेथील भावाने पाचशे डॉलर वाचले. त्यातून विजेचे दीड-दोनशे डॉलर वजा करा. उरले तीनशेच्या आसपास. या गतीने किंमत वसूल व्हायला तीस वर्षे लागतील! मग हा उद्योग व्यर्थ होता काय? नाही. या मंडळींना कारखानदारांना दाखवून द्यायचे होते की असे करता येते. २०१० च्या डिसेंबरात जनरल मोटर्सची व्होल्ट आली आणि २०१२ मध्ये खुद्द टोयोटाने प्लग लावण्याची प्रियस विकायला काढली. त्या संचाच्या बॅटऱ्या बनविणारी ए-१२३ ही कंपनी मात्र ऑक्टोबर २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जून २००८ मध्ये दक्षिण कॅरोलायनात अशीच रूपांतर केलेली एक प्रियस चालता चालता पेटली. सुदैवाने माणसाला इजा झाली नाही. चौकशीत आढळले की बॅटरीतील बोल्टचा एक जोड नीट बसवलेला नव्हता. बॅटरीच्या रसायनात खोट नव्हती, दोष पान्याच्या कामात होता.

दहावीच्या विद्यार्थ्यांना याचे कारण सांगता यायला हवे. उष्णता ही विद्युतधारेचा वर्ग गुणिले रोध या प्रमाणात निर्माण होते. सैल जोडाचा रोध ओहमचा केवळ शंभरावा हिस्सा धरा. त्यातून शंभर अँपिअर धारा गेली, तर त्या एका बोल्टपाशी शंभर वॅट उष्णता तयार होते. जुना शंभर वॅटचा दिवा हाताला किती चटका देतो हे वडीलधाऱ्यांना माहीत आहे. तीच उष्णता बोटाएवढ्या जागेत कोंडली तर काय होईल? ज्या सूत्राला मुले परीक्षेपुरते पाठ करतात, त्या सूत्रावर गाडीतील माणसाचा जीव अवलंबून असतो.

सावधगिरीचेही तसेच आहे. दोनशे व्होल्टचा एकदिश प्रवाह माणसाचा प्राण घेऊ शकतो. म्हणून अशा गाडीतील उच्च दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. काम करणाऱ्याने प्रथम गाडी बंद करावी, रबरी हातमोजे फुंकून त्यांना छिद्र नाही याची खात्री करून घ्यावी आणि ते घालून बॅटरीचा सुरक्षा-प्लग काढून आपल्या खिशात ठेवावा. मग कंपनीच्या पुस्तकात सांगितलेली मिनिटे थांबावे आणि मीटरने दाब शून्य झाल्याचे तपासावे. गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाहण्याची सवय येथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांसाठी. बॅटरीत अनेक घट एका ओळीत असतात. एकूण व्होल्टेज ठीक दिसते, पण आत एखादा घट दुर्बळ झालेला असतो. भरताना आणि रिकामी करताना त्याच्यावरच ताण पडतो आणि तो साऱ्या बॅटरीचा नाश करतो. म्हणून चांगल्या लिथियम बॅटरीत प्रत्येक घटावर वेगळी नजर ठेवणारी यंत्रणा असते. शाळेचा सरासरी निकाल पाहून आपण खूश होतो, तेव्हा मागच्या बाकावर कोण खचतो आहे, हे आपण पाहतो का?

पालकहो, उस्तादाच्या हाताखाली शिकलेला मुलगा इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो. हे हुनर मोठे आहे. पण बॅटरी बिघडताना आवाज करीत नाही. तेथे मीटर वाचावा लागतो, आकृती समजावी लागते, इंग्रजीतील सूचना-पुस्तिका उलगडावी लागते. म्हणून माझी विनंती आहे की, हाताला काम लागले म्हणून मुलाला आठवीतून काढू नका. त्याला दहावी होऊ द्या, मग आय.टी.आय. किंवा डिप्लोमाला पाठवा, आणि सुट्टीत गॅरेजमध्ये जरूर बसवा. उलट, ज्यांची मुले इंजिनिअर होत आहेत त्यांनी हात काळे करण्याची लाज बाळगू नये. इ.स. १२०६ मध्ये दियारबक्रच्या दरबारातील अल्-जझरी यांनी यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. यंत्र कसे घडवावे हे त्यांनी आकृत्यांसह सांगितले, कारण ते स्वतः घडविणारे होते. मुलींनाही या क्षेत्रापासून दूर ठेवू नका. अचूक मोजमाप आणि चिकाटी ही काही पुरुषांची मक्तेदारी नाही.

तरुण मित्रांना एक इशारा. हे ऐकून उद्या घरच्या गाडीवर प्रयोग करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही. मान्यताप्राप्त संच आणि नोंदणी अधिकाऱ्याकडील नोंद आवश्यक असते. असे संच तपासणाऱ्या संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आपल्या पुण्यातच आहे. तेथे आपल्या शाळेची मुले-मुली तपासणारे म्हणून काम करताना दिसावीत, ही माझी दुआ आहे.