पडद्यावरचे नियम आणि निसर्गाचे नियम

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आजचा माझा विषय अनेकांना करमणुकीचा वाटेल. कार्टून, सिनेमा आणि मोबाईलवरचे खेळ यांत निसर्गाचे नियम कसे वाकवले जातात, हे मला सांगायचे आहे. परंतु हा विषय आपल्या मुलांच्या जिवाशी आणि आपल्या धम्माशीही निगडित आहे. तो कसा, ते शेवटी आपल्या लक्षात येईल.

आधी नियम काय आहे ते पाहू. हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर खाली येते, दोन सेकंदांत २० मीटर, तीन सेकंदांत ४५ मीटर. हवेचा अडथळा सोडला तर वस्तू जड असो वा हलकी, हिशेब तोच. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडले. तिथे हवा नसल्यामुळे दोन्ही बरोबरच जमिनीवर पोहोचले. गुरुत्वाकर्षण श्रीमंत-गरीब पाहत नाही, जात तर मुळीच विचारत नाही.

आता कार्टूनकडे वळू. चक जोन्स यांच्या ‘रोड रनर’ मालिकेची सुरुवात १९४९ साली झाली. त्यातील कोल्हा कड्यावरून धावत पुढे जातो, हवेत थांबतो, खाली पाहतो आणि मगच सरळ खाली कोसळतो. प्रत्यक्षात काय होईल? कडा सुटल्याक्षणी पडणे सुरू होईल आणि पुढे जाणेही चालूच राहील. सेकंदाला १० मीटर वेगाने धावणारा प्राणी एका सेकंदानंतर कड्यापासून १० मीटर पुढे आणि ५ मीटर खाली असेल. त्याचा मार्ग कमानीसारखा वाकलेला असेल. आपण हसतो, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. १९८० च्या दशकात मायकेल मॅक्लॉस्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना असेच प्रश्न विचारले, तेव्हा अनेक शिकलेल्या मुलांनी चुकीचे मार्ग काढून दाखवले. कड्यावरून सुटलेली वस्तू आधी सरळ पुढे जाते आणि मग खाली वळते, असे काहींना वाटत होते. म्हणजे कार्टूनमधला कोल्हा आपल्याही डोक्यात कुठेतरी धावत असतो! डोळ्यांना जे पटते ते खरे असतेच असे नाही. म्हणूनच मोजून पाहावे लागते.

पण कार्टून काढणारा चित्रकार अडाणी असतो का? मुळीच नाही. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. चेंडू पडताना दाखवायचा तर दोन चित्रांमधले अंतर वाढवत न्यावे लागते. पहिल्या टप्प्यात १, तर पुढे ३, ५, ७ या प्रमाणात. हे विषम संख्यांचे प्रमाण गॅलिलिओने चारशे वर्षांपूर्वी शोधले. चित्रकाराने ते चुकवले तर चेंडू कापसाचा वाटेल. डिस्ने स्टुडिओचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची १२ तत्त्वे सांगितली. त्यात वस्तू दाबली जाणे आणि ताणली जाणे हे एक प्रमुख तत्त्व आहे. खरा चेंडू आपटताना दिसेल न दिसेल इतका दबतो, चित्रातला भाकरीसारखा चपटा होतो. परंतु तो चपटा होताना रुंद करावा लागतो, नाहीतर त्यातले द्रव्य गेले कुठे असा प्रश्न डोळ्यांना पडतो. म्हणजे नियम वाकवायचा तरी तो आधी माहीत असावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला. हे गृहस्थ छायाचित्रण आणि छपाई शिकलेले होते, जादूचे प्रयोगही करत. मोठा चित्रपट करण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. ठरावीक काळाने एकेक चित्र घ्यायचे आणि मग ती सलग दाखवायची. अनेक दिवसांची वाढ क्षणांत दिसली. ही काळाशी केलेली युक्तीच होती. पण तिने खोटे सांगितले नाही, उलट जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते सत्य दाखवले.

दुसरी युक्ती पाहा. ८० मीटर उंचीची इमारत पडताना दाखवायची आहे. खरी इमारत कोण पाडू देणार? म्हणून तिची १६ पट लहान, ५ मीटरची प्रतिकृती करतात. परंतु ८० मीटरवरून पडायला ४ सेकंद लागतात आणि ५ मीटरवरून एकच सेकंद. तसेच दाखवले तर ते खेळणे आहे हे लहान मूलही ओळखेल. म्हणून कॅमेरा चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला ९६ चित्रे घेत चालवतात आणि पडद्यावर २४ च्या वेगाने दाखवतात. एका सेकंदाचे चार सेकंद होतात आणि आपल्याला खरीच इमारत कोसळल्याचा भास होतो. १६ चे वर्गमूळ ४, एवढेच त्यामागचे गणित. मित्रांनो, आठवी-नववीच्या वर्गात कंटाळवाणे वाटणारे वर्गमूळ सिनेमाच्या पडद्यावर हे काम करते.

आता जिथे सिनेमा सपशेल फसवतो ती उदाहरणे पाहू. नायक गोळी झाडतो आणि खलनायक दहा फूट मागे उडून काच फोडून पडतो. गोळीचे वजन ८ ग्रॅम, वेग सेकंदाला ४०० मीटर आणि माणूस ६४ किलोचा धरा. गोळीचा सगळा संवेग त्याला मिळाला तरी त्याचा मागे जाण्याचा वेग सेकंदाला ५ सेंटीमीटर होतो. शिवाय न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तो दहा फूट उडणार असेल, तर गोळी झाडणारा नायकही जवळपास तितकाच मागे उडायला हवा! अंतराळातल्या लढाईत स्फोटांचे आवाज ऐकू येतात, तेही खोटेच. ध्वनीला माध्यम लागते. १९६८ सालच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात मात्र अंतराळातली शांतता शांतताच ठेवली आहे.

१९७८ सालच्या ‘सुपरमॅन’मध्ये उंचावरून पडणाऱ्या नायिकेला सुपरमॅन वर येत अलगद झेलतो. समजा, कोणी १२५ मीटर पडले. पाच सेकंदांत त्याचा वेग ताशी १८० किलोमीटर होईल. अर्ध्या मीटरच्या अंतरात त्याला थांबवले, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५० पट ताण येईल. हात मऊ असले म्हणून काय झाले? जीव घेणारी गोष्ट म्हणजे एकाएकी थांबणे. २०१७ सालच्या ‘बाहुबली’च्या दुसऱ्या भागात सैनिक ढालींचे कवच करून ताडाच्या झाडांवरून किल्ल्यात फेकले जातात. ढाली शाबूत राहतील असे मानले तरी आतल्या माणसाला थांबायला अंतर कुठे आहे?

मोबाईलवरच्या आणि संगणकावरच्या खेळांत तर गुरुत्वाकर्षण खेळाडूच्या बोटावर चालते. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये बटण जास्त वेळ दाबले की उडी उंच जाते आणि हवेत असतानाही दिशा बदलता येते. खेळ रंगावा म्हणून ते मुद्दाम तसे केलेले आहे. खऱ्या जगात पाय जमिनीवरून सुटले की उडीचा मार्ग ठरून जातो, मग पश्चात्तापाला वाव नाही. गाड्यांच्या खेळांत गाडी आपटते, उलटते आणि क्षणात पुन्हा धावू लागते.

माझी काळजी इथूनच सुरू होते. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाल्यानंतर मुलांनी त्याची नक्कल करताना अपघात झाल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या, आणि अशी नक्कल करू नका हे मुलांना सांगावे लागले होते. आज उड्यांची जागा मोटारसायकलने घेतली आहे. तरुणांनो, हा हिशेब घरी जाऊन स्वतः करून पाहा. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी भिंतीवर आदळणे म्हणजे ११ मीटरहून अधिक उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पडणे. हेल्मेटच्या आतला थर आपटताना दबतो आणि डोक्याला थांबायला थोडे जास्त अंतर देतो. सुपरमॅनच्या हातांना जे जमणार नाही, ते काही अंशी तो थर करतो. पण पट्टा बांधलेला असेल तरच. आपल्या वस्तीतली मुले मोठ्या कष्टाने शिकून पुढे येत आहेत. एका खोट्या दृश्याच्या नादात त्यातला एकही जीव जाता कामा नये.

दुसरी काळजी याहून मोठी आहे. पडद्यावर माणूस उडाला तर त्यामागे दोरी आणि संगणक आहे हे आपल्याला ठाऊक असते. तिथे आपण तिकीट काढून, जाणूनबुजून फसतो. तीच युक्ती कोणी मांडवात केली, रिकाम्या हातातून अंगारा काढला, की आपली माणसे पायावर डोके ठेवतात. युक्ती सांगून दाखवली तर ती कला, चमत्कार म्हणून विकली तर ती लबाडी. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि त्याच वर्षी त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला, हे आपण विसरू नये.

याबाबत तथागतांची भूमिका स्पष्ट होती. विनयपिटकात कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच बांबूवर टांगले आणि जो ऋद्धीने ते काढील त्याचे ते होईल असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाज यांनी हवेत जाऊन ते आणले. लोकांनी जयघोष केला. बुद्धांनी मात्र त्यांची प्रशंसा न करता कानउघाडणी केली, ते पात्र फोडायला लावले आणि गृहस्थांपुढे असे प्रदर्शन करण्यास भिक्खूंना बंदी घातली. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात तर ते विचारवंताला शोभेल असा मुद्दा मांडतात. चमत्कार दाखवला तरी शंका घेणारा म्हणेल, ही तर एखादी विद्या आहे! मग त्यातून काय सिद्ध झाले? खरा चमत्कार म्हणजे माणसाला विचार करायला शिकवणे. कथेतला उडण्याचा भाग कोणी माना वा न माना. तिची शिकवण महत्त्वाची आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धांचा धम्म बुद्धिवादावर उभा असल्याचे ठासून मांडले आहे. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कारणाशिवाय कार्य नाही. सिनेमाचा तंत्रज्ञ हे पक्के जाणतो, म्हणून तर त्याला प्रत्येक दृश्यासाठी कारण शोधावे लागते, दोरी बांधावी लागते, गणित करावे लागते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, मुलांचे सिनेमे आणि खेळ सरसकट बंद करू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, “हे खरोखर होईल का? नसेल, तर यांनी केले कसे?” विद्यार्थ्यांनो, मोबाईलच्या कॅमेऱ्याने पडणारा चेंडू टिपा, एकेक चित्र थांबवून अंतर मोजा. १, ३, ५, ७ येते का ते स्वतः पाहा. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. ज्यांचा हात चित्रकलेत चांगला आहे त्यांनी विज्ञान सोडू नये. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग येथे ॲनिमेशन शिकवले जाते आणि प्रवेश परीक्षेतून मिळतो. तिथे आपल्या मुला-मुलींची नावे दिसली पाहिजेत. आजवर आपण इतरांनी रचलेली दृश्ये पाहत आलो. आता ती रचणाऱ्यांत आपणही असले पाहिजे.

नियम वाकवण्याची मुभा पडद्याला आहे, रस्त्याला नाही आणि जीवनाला तर नाहीच. 

भवतु सब्ब मंगलं! नमो बुद्धाय! जय भीम!