पैसे गेले की जाणार?

जत तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांना माझा रामराम. आज आपण इंग्रजी क्रियापदांबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हा धडा मी शाळेत नाही, दंड भरून शिकलेय.

झालं असं. शेळ्यांसाठी मी कर्ज घेतलं होतं. हप्ता खात्यातून आपोआप कापला जायचा. एक तारखेला मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. त्यातला 'डेबिटेड' हा एकच शब्द माझ्या ओळखीचा. डेबिट म्हणजे पैसे नावे पडणं. म्हटलं, चला, हप्ता गेला. खात्यात दिसत होते ते पैसे काढले आणि कडबा घेतला. पाच तारखेला खातं रिकामं. हप्ता भरला गेला नाही आणि वर दंड बसला. आठवीतल्या लेकीनं मेसेज वाचला आणि म्हणाली, "आई, डेबिटेडच्या आधी 'विल बी' आहे. पैसे गेले नव्हते, पाच तारखेला जाणार होते."

'गेले' आणि 'जाणार', यात आपण मराठीत कधी चुकतो का? नाही ना? मग इंग्रजीतही चुकायला नको.

खरं तर आपली भाषा जास्त अवघड आहे. मी भात शिजवला, भाजी शिजवली, वरण शिजवलं. पदार्थ बदलला की क्रियापद बदललं. बाई म्हणते 'मी आले', गडी म्हणतो 'मी आलो'. आपल्या तालुक्यात कितीतरी घरांत कानडी बोलतात. तिथंही 'मी केलं' म्हणायला 'माडिदे', 'तिनं केलं' म्हणायला 'माडिदळु'. हे सगळं आपण न शिकता बोलतो. इंग्रजीत भात असो, भाजी असो, मी असो नाहीतर तो, झालेल्या कामाला रूप एकच.

आता माझ्यामागं म्हणा. शब्द घेऊ 'कुक', म्हणजे शिजवणं.

मी रोज शिजवते: आय कुक.
ती रोज शिजवते: शी कुक्स.
मी काल शिजवलं: आय कुक्ड.
ती उद्या शिजवेल: शी विल कुक.

रोजच्या कामात तो, ती, ते यांपैकी एकट्याबद्दल बोलताना शेवटी 'एस' लागतो. झालेल्या कामाला 'ई डी' लागते, मग कोणीही करो. पुढच्या कामाआधी 'विल' येतं आणि शब्द मूळचा तसाच राहतो. काल शिजवलं नाही, असं म्हणायचं असेल तर 'आय डिड नॉट कुक'. 'डिड'नं झालेला काळ सांगितला, म्हणून कुकला पुन्हा ई डी लावायची नाही.

लिहिताना ई डी असली तरी कानाला आवाज तीन येतात. कुक्डचा शेवट 'ट'सारखा ऐकू येतो. क्लीन्डचा 'ड'. आणि मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तर 'इड' असा वेगळा आवाज येतो. काउंटचं काउंटेड, डेबिटचं डेबिटेड.

स्पेलिंगच्या दोन खुणाही ध्यानात ठेवा. शब्द 'ई'नं संपत असेल तर नुसता 'डी' लागतो, जसं रिसीव्हचं रिसीव्ह्ड, म्हणजे मिळालं. व्हेरिफाय, अप्लाय अशा शब्दांतला शेवटचा 'वाय' जातो आणि 'आय ई डी' येते. केवायसी 'व्हेरिफाइड' दिसलं, की तपासणी झाली असं समजा.

मग माझी चूक कुठं झाली? मी नुसती ई डी बघितली. पण पैसे स्वतः काही करत नाहीत, ते कापले जातात. असं 'कापले जाणं' सांगताना इंग्रजीत ई डी कायमच असते. काळ कळतो तो आधीच्या शब्दावरून. 'इज डेबिटेड', 'हॅज बीन डेबिटेड' किंवा नुसतं 'डेबिटेड' असेल, तर पैसे गेले. 'विल बी डेबिटेड' असेल, तर जाणार आहेत, खात्यात शिल्लक ठेवा. डब्ल्यू, आय, डबल एल ही चार अक्षरं वहीवर मोठी लिहून ठेवा. 'क्रेडिटेड' म्हणजे जमा. तिथंही 'विल बी' असेल तर पैसे अजून आलेले नाहीत, उधारीचा वायदा करू नका.

आणखी एक शब्द, 'रिक्वेस्टेड'. म्हणजे समोरच्यानं मागितले. कोणी फोन करून सांगेल, "ताई, तुमचे पैसे आलेत, पिन टाका." पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या नंबरवर फोन करा.

काही शब्द मात्र या नियमात बसत नाहीत. पाठवणं म्हणजे 'सेंड', पण पाठवलं म्हणजे 'सेंट'. असे शब्द पाठच करायचे.

आपल्यातल्या बऱ्याच जणींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, आणि कुणाची शाळा त्याआधीच सुटली. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळं घरातलं पोरगं-पोरगी आपल्याला शिकवू शकतं. लेकराला विचारण्यात कसली लाज? मी विचारलं असतं, तर दंड वाचला असता.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं बँकेचा एक जुना मेसेज आणा. ओटीपीचा नको, आणि पिन कुणाला सांगायचा नाही. मेसेज मोठ्यानं वाचा आणि एकमेकींना एवढंच विचारा: पैसे गेले, की जाणार?

रामराम.