गणपतीला गावी, विजेच्या गाडीने

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे. कारण तुम्हाला माहीत आहे. गेली दोन वर्षं गणपतीच्या दिवसांत आपल्या ग्रुपवर बाकी सगळ्यांचे मखराचे फोटो येतात आणि माझा फोटो कुठल्या तरी हॉटेलच्या आवारात गाडीला वायर लावून उभा असलेला. त्याखाली तुमचा ठरलेला प्रश्न असतो, "भरली का रे?" तर आज एकदाच सविस्तर उत्तर देतो.

आधी जरा मागे जाऊ. आपल्यातले निम्मे कोकणातले. गणपतीला गावी जायचं म्हणजे एसटी. वडील रात्री जाऊन आरक्षणाच्या रांगेत बसायचे. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून गाडी सुटायची आणि ती फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडायचे. रुमाल पडला की जागा आपली. माणूस मग खाली उतरून खुशाल वडापाव खात उभा राहिला तरी चालायचं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, रुमाल टाकणं कमी झालं. ते अजून संपलेलं नाही, हे मला विजेच्या गाडीने शिकवलं.

ज्यांच्याकडे ही गाडी नाही त्यांच्यासाठी थोडा हिशेब. आपल्या लहानपणी घरी बीएसईएसचं बिल यायचं, त्यावर युनिटं असायची. तेच युनिट इथे. माझ्या गाडीच्या बॅटरीत ३० युनिटं मावतात. एका युनिटात गाडी साधारण सात-साडेसात किलोमीटर जाते. म्हणजे पूर्ण भरली की दोनशेच्या थोडं वर. आमचं गाव संगमेश्वरच्या आत, मालाडहून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. म्हणजे वाटेत एकदा तरी भरायलाच हवी.

महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत यायला मला पन्नास मिनिटं लागतात. पण उरलेले वीस टक्के भरायला आणखी पाऊण तास. बॅटरी भरत आली की तिच्या रक्षणासाठी वीज आपोआप कमी कमी दिली जाते. चार्जरला दोन गन असल्या, गन म्हणजे पेट्रोलपंपावर असते तशीच नळी, तरी बऱ्याच मशीनची ताकद तेवढीच असते. दोन गाड्या लागल्या की ती वाटून मिळते.

बाई, आता तुमच्याकडे वळतो. सातवीत तुम्ही आम्हाला टाकी आणि नळाची गणितं शिकवत होतात. टाकी अर्धी भरलेली, एक नळ चालू, टाकी किती वेळात वाहू लागेल वगैरे. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं होतं, "बाई, पण नळ चालू ठेवून हा माणूस गेला कुठे?" सगळा वर्ग हसला आणि तो मुलगा तास संपेपर्यंत दाराबाहेर उभा राहिला. तो आज समोर पहिल्या रांगेत बसलाय, तुम्हीच ओळखा. बाई, त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला २०२४ साली सापडलं. तो माणूस मासळीची थाळी खायला गेला होता. आणि तो माणूस मी होतो.

गौरी-गणपतींचं विसर्जन करून आम्ही परत येत होतो. महाडच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात चार्जर रिकामा मिळाला. गाडीत सत्तर टक्के होतेच. पण गन लावली, म्हटलं मिळतंय तर पूर्ण भरू. आणि आत गेलो. गणपतीच्या दिवसांत मासे नाहीत, त्यामुळे जेवण यथेच्छ झालं. मग चहा. मग तिथल्या दुकानातून कोकम, फणसाचे तळलेले गरे. बाहेर आलो तेव्हा मागे एक गाडी उभी होती. सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ बाहेर उभे होते. मला म्हणाले, "झालं का जेवण?" मी म्हणालो, "हो, उत्तम आहे इथे, तुम्हीही घ्या." मला खरंच वाटलं, सहज विचारताहेत. मग त्यांच्या गाडीच्या उघड्या दारातून पाय बाहेर सोडून बसलेल्या त्यांच्या पत्नी दिसल्या. पाय सुजलेले, पदराने वारा घेत होत्या. हॉटेलचा पोरगा म्हणाला, एक तास झाला काका थांबलेत. माझी गाडी ऐंशी टक्क्यांवर पहिल्या दहा मिनिटांतच पोचली होती. मालाडला पोचायला तेवढी पुरली असती. पुढचा सगळा वेळ मी त्या बाईंच्या पायांवर रुमाल टाकून जेवत होतो.

ते गृहस्थ पुढे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता २०२५. चतुर्थी २७ ऑगस्टची. आम्ही २५ च्या रात्री नऊला निघालो. सोबत बायको आणि ब्याऐंशी वर्षांची आई. त्याच महिन्यात अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी सुरू झाली होती, म्हणून मुद्दाम तिकडून गेलो. टोल वाचला, वेळ वाचला नाही. पुढे वडखळ, कोलाड आणि मग इंदापूर-माणगावची ती कोंडी. एक चांगलं सांगतो, कोंडीत विजेची गाडी उभ्याउभ्या फारसं काही खात नाही. माणगावच्या पुढे रात्री एक वाजता पोचलो तेव्हा चौतीस टक्के शिल्लक होते.

मोबाइलवर त्या जागी हिरवी खूण दिसत होती. दोन गन. प्रत्यक्षात एका गनचा पडदा काळा, ती बंद. दुसऱ्या गनला एक गाडी लागलेली आणि तिच्यामागे तीन. मी पाचवा. वरून पाऊस.

गाडीत बसल्या बसल्या काळ, काम, वेगाचं गणित मांडलं. गनवरच्या गाडीची पंचवीस मिनिटं. पुढच्या तिघांनी प्रत्येकी पूर्ण भरायची म्हटलं तर पंच्याण्णव मिनिटं धरा. एकूण तीनशे दहा मिनिटं. म्हणजे माझा नंबर सकाळी सहाला. आई मागे बसून म्हणाली, "आपण एसटीनेच यायला हवं होतं." तिच्या पायांकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

गनवरच्या गाडीत एक्क्याण्णव टक्के दिसत होते आणि मालक गायब. रांगेतला एक जण हॉर्न वाजवायला लागला होता. मी आत गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण, त्याची बायको, दोन लहान मुलं. मी म्हणालो, "दादा, गाडी भरलीय तुमची. बाहेर चौघं आहोत." तो ताट तसंच टाकून उठला, शंभरदा सॉरी म्हणत. त्याला म्हटलं, "जेवून घ्या, फक्त गाडी बाजूला लावा. मी गेल्या वर्षी तुमच्याच जागी होतो."

मग आम्ही सगळे पत्र्याखाली उभे राहिलो. नावं कोणी विचारली नाहीत, गावं विचारली. माझ्याजवळच्या एका कागदाच्या पाठीवर लिहिलं: गाव, किलोमीटर किती उरले, बॅटरी किती, हवी किती. पोलादपूरकरांकडे अडतीस टक्के आणि जायचं पंचेचाळीस किलोमीटर. त्यांना गरजच नव्हती. रात्री भीती नको म्हणून रांगेत उभे होते. हिशेब पाहिला, हसले, चहा पिऊन निघून गेले. दापोलीकरांना पंधरा मिनिटं पुरेशी होती. राजापूरकरांनी पस्तीस मिनिटं घेतली. मग मी अर्धा तास, चिपळूण गाठण्यापुरती. तीनशे दहा मिनिटांची रांग पन्नास मिनिटांत संपली. चार्जर तोच, गन तीच. पहाटे चिपळूणला चार्जर रिकामा होता. तिथे मन भरेपर्यंत भरली, आईने सोबतचा उपमा खाल्ला आणि सकाळी आम्ही घरी.

मित्रहो, यातून मला जे कळलं ते एवढंच. नकाशावरच्या चार्जरची संख्या आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री मिळणारा चार्जर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या सूचनांमध्ये महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक स्टेशन असावं असं म्हटलं होतं. राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणातही राष्ट्रीय महामार्गांसाठी तेच अंतर आहे. ते व्हायला हवं. लावलेली गन चालू ठेवायची जबाबदारीही कोणाची तरी असायला हवी, आणि बंद असेल तर नकाशावर हिरवी खूण दिसता कामा नये. याची तक्रार मी केली आहे, तुम्हीही करा.

पण एक अडचण त्यानेही सुटणार नाही. गणपतीला एसटी जादा गाड्या सोडते, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आगारांतून गाड्या मागवते. चार्जर असा मागवता येत नाही. तो एकाच जागी रोवलेला. वर्षातल्या चार रात्रींसाठी कोणी दहा गन लावून ठेवणार नाही, कारण बाकीचे दिवस तिथे चिटपाखरू नसतं. म्हणून रांग कमी करायची तर थोडं आपल्यालाही करावं लागेल. मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली सोसायटीतली. आपल्यापैकी निदान सहा जण आपापल्या सोसायटीत अध्यक्ष किंवा सेक्रेटरी आहेत. पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागणारा सभासद आला की त्याचा अर्ज पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत दाबून ठेवू नका. जो घरून शंभर टक्के भरून निघतो, तो महामार्गावरच्या रांगेत एकदा कमी उभा राहतो.

दुसरी गावची. आपण गावी चार-पाच दिवस राहतो, रात्रभर गाडी अंगणात उभी असते. तिला फास्ट चार्जर कशाला हवा? पंधरा अँपिअरचा साधा पॉइंट तासाला सुमारे तीन युनिटं देतो. दहा तासांत माझी गाडी भरते. मी यंदा पडवीत असा पॉइंट करून घेतला, वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी. अर्थिंग नव्याने केलं, वायरमनने खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून. जुन्या घरात ते टाळू नका. संध्याकाळी आरतीच्या वेळी व्होल्टेज पडतं, म्हणून गाडी अकरानंतर लावतो. वाडीत आणखी दोघांच्या विजेच्या गाड्या आल्या होत्या, त्यांनीही तिथेच आळीपाळीने भरल्या. युनिटांचे पैसे त्यांनी आईच्या हातात ठेवले. तिने ते आरतीच्या ताटात टाकले.

तिसरी रस्त्यावरची. रांग असेल तर ऐंशीला गाडी काढा, पुढे पुरणार असेल तर त्याही आधी काढा. जेवायला जाताना काचेवर आपला फोन नंबर लिहून ठेवा. आणि जमलं तर निघायची वेळ बदला. सगळे रात्री नऊला निघतात म्हणूनच सगळे रात्री एकला माणगावला भेटतात.

शेवटी तुमच्यातले बरेच जण मला खासगीत विचारतात ते. ही गाडी घ्यावी का? मालाड ते ऑफिस आणि परत, डोळे झाकून घ्या. गणपतीला गावी जायला घ्यायची असेल तर डोळे उघडे ठेवून, सातवीचं गणित सोबत ठेवून घ्या. मी पुढच्या वर्षीही तीच घेऊन जाणार आहे. आईला विचारलं, येशील ना? ती म्हणाली, "येईन. पण तो कागद बरोबर ठेव."

बाई, त्या मुलाला तुम्ही बाहेर उभं केलं होतंत. प्रश्न त्याचा बरोबर होता. आज त्याला आत घ्या.