झाडाचा वारसा

मी भूमापन खात्यातला. जमीन म्हटली की आधी उतारा बघणार. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावर कापुआस नदीच्या खोऱ्यातल्या दायाक गावांत मात्र वारसा झाडावरून मोजतात. आजोबा-पणजोबांनी दुरियान लावला; फणसासारखं काटेरी, उग्र वासाचं फळ ते. मुलगे-मुली दोघांच्याही वंशजांचा त्यावर हक्क. वाटणी झाडाची नाही, पडलेल्या फळांची. (आपल्याकडे बांधावरच्या आंब्यासाठी भाऊ-भाऊ कोर्टात!) पण कागद बहुधा नसतो. म्हणून सरकार ते रान आपलंच समजून कंपन्यांना देत आलं. मे २०१३मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं निकाल दिला : रूढीनं चालत आलेलं जंगल सरकारी नव्हे. तरी आधी त्या समाजाला सरकारदरबारी मान्यता हवी, नकाशा हवा. आणि मोजणी किती रेंगाळते, ते मला विचारू नका.