शाळेतील कर्मशाळा आणि तिची किल्ली

(वडाळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वडाळ्यात बोलावयाचे म्हटले की १९३० साल डोळ्यांसमोर उभे राहते. येथील मिठागरांवर त्या वर्षीच्या मे महिन्यात सत्याग्रहींच्या तुकड्यांमागून तुकड्या चालून गेल्या आणि १ जूनला तर सुमारे १५ हजार माणसे चिखल तुडवीत आत शिरली. मूठभर मीठ उचलणाऱ्याच्या हाती काही संपत्ती लागत नव्हती. पण रोजच्या भाकरीतली वस्तू कशी तयार होते, ती तयार करण्याचा हक्क कोणाचा आणि त्या हक्काला कुलूप घालणारे कोण, हे प्रश्न त्या दिवशी सामान्य माणसाने सरकारला विचारले. मुंबईतील मिठाच्या सत्याग्रहात आघाडीवर असलेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय पुढे काँग्रेस समाजवादी पक्षाच्या नेत्या झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कारागिरांचे काम केले. मिठापासून हातमागापर्यंतच्या या प्रवासात मला एक सरळ रेषा दिसते. आजचा विषय त्याच रेषेवर, थोडा पुढे आहे.

ज्याला मेकरस्पेस म्हणतात ती वस्तुतः शाळेतील कर्मशाळा होय. मुलांनी पक्कड, करवत, डाखणी हाती घ्यावी, तारा जोडाव्यात, मोटार फिरवावी आणि आपल्या डोक्यातली वस्तू टेबलावर उभी करावी, अशी ही कल्पना. केंद्र सरकारने २०१६ साली नीती आयोगामार्फत अटल नवोन्मेष अभियान सुरू केले आणि सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ काढण्यास शाळांना प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. आजवर देशातील सुमारे १० हजार शाळांत या प्रयोगशाळा झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांतून पाच वर्षांत आणखी ५० हजार काढण्याची घोषणा झाली. सरकार कोणत्या पक्षाचे आहे एवढे पाहून या योजनेकडे पाठ फिरवणारे काही साथी मला भेटतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. कामगाराच्या मुलाच्या हाती चांगले हत्यार येत असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ते खरोखरच त्याच्या हाती येते आहे काय, हे पाहणे आपले काम आहे.

मध्य मुंबईतील एका शाळेने मला मागे अशी कर्मशाळा पाहावयास बोलावले होते. खोली स्वच्छ, भिंतींवर शास्त्रज्ञांची चित्रे. त्रिमितीय छपाई करणारे यंत्र प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. निवडक बारा मुलांनी तयार केलेला, अडथळा येताच वळणारा छोटा गाडा मला दाखविण्यात आला आणि तो खरोखर चांगला होता. मुले कशी निवडली असे विचारता गुणांवर असे उत्तर मिळाले. बाहेर व्हरांड्यात एक आठवीतली मुलगी खिडकीतून पाहत उभी होती. तिच्याशी बोललो. तिचे वडील पदपथावर मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात आणि ही त्यांच्याजवळ बसून डाखणी करते. डाखणीचे टोक आधी ओल्या फडक्यावर पुसावे लागते, नाहीतर जोड ‘कोरडा’ राहतो, हे तिने मला सांगितले. मी तीस वर्षे उत्पादन-फलन शिकवले. श्रम आणि भांडवल यांचे संयोग फळ्यावर वक्ररेषांनी दाखवले. कोरडा जोड म्हणजे काय हे मला त्या दिवशी, त्या मुलीकडून कळले. गणितात तिला गुण कमी, म्हणून ती बाराजणांत नव्हती.

या प्रसंगात त्या शाळेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. महागडे यंत्र बिघडले तर जबाब कोणी द्यायचा, ही धास्ती अनुदानाच्या रचनेतूनच येते. हिशेब पाहा. २० लाखांतील निम्मी रक्कम उपकरणांसाठी आणि उरलेली १० लाख पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. म्हणजे वर्षाला दोन लाख, महिन्याला १७ हजारांहून कमी. त्यातच तारा, सुटे भाग, दुरुस्ती आणि शिकविणाऱ्याचे मानधन. यंत्र विकत घेण्यास पैसा आहे, यंत्रापाशी उभे राहून ते चालवावयास शिकविणाऱ्या माणसासाठी नाही. आपल्या गिरण्यांतही भांडवल मागावर खर्च होई आणि जॉबरच्या बोटांत असलेली विद्या ताळेबंदात कोठेही दिसत नसे. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर यंत्रे भंगारात गेली आणि ती विद्या माणसांबरोबर गावी गेली. आणखी एक गोष्ट. योजनेच्या अटींत सपाट प्रदेशातील शाळेकडे १५०० चौरस फूट जागा मागितली होती. बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या नऊ खोल्या एकत्र केल्या तरी एवढी जागा भरत नाही. मुंबईतील लहान शाळा अशा अटीने अर्ज करण्यापूर्वीच बाद होते.

यावर दुसरा मार्ग नाही काय? आहे, आणि तो महाराष्ट्रातच चाळीस वर्षांहून अधिक काळ चालून दाखवलेला आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे अवर्षणग्रस्त गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळवलेले, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर असलेले शास्त्रज्ञ. मुदतीपूर्वी निवृत्ती घेऊन त्यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे ते केंद्र होते. हेच नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. ‘कार्यानुभव’ हा विषय शाळांना दिला तो त्याच आयोगाने, १९६६ साली. आयोगाचा कागद आणि पाबळचे माळरान यांच्यात असे एक नाते आहे.

कलबागांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा अभ्यासक्रम बांधला. आठवड्यातला एक पूर्ण दिवस हातकामाचा. त्यात चार अंगे : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. एका मुलाने एकच धंदा शिकावयाचा नाही. प्रत्येकाने, मुलगा असो की मुलगी, चारही अंगांतून जावयाचे. मुलीने लोखंडाला जोड द्यावयाचा, मुलाने रक्तातील हिमोग्लोबिन तपासावयाचे. शिकविणारे निदेशक बहुतेक त्या परिसरातलेच, हाताने काम करणारे. या मांडणीचा कणा असलेला भाग पुढे आहे. मुले जे शिकतील त्याची सेवा गावाला द्यावयाची आणि तिचा मोबदला घ्यावयाचा. शाळेचे बाक, शेजाऱ्याची जाळी, शेतकऱ्याच्या मातीची तपासणी. काम बिघडले तर गाव बोलते. परीक्षकाने दिलेल्या गुणांपेक्षा ही परीक्षा कडक असते. पुढे २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. संस्थेने संगणकाच्या आज्ञेने कापणारी-घडवणारी यंत्रे असलेल्या ‘फॅब लॅब’ जगभर काढावयास घेतल्या, तेव्हा त्या संस्थेच्या बाहेरील अगदी पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक पाबळला आली. कलबाग २००३ साली गेले. काम चालू राहिले. यंत्र नंतर आले, शिकविणारी माणसे आणि गावाच्या गरजा आधीच तेथे होत्या, म्हणून ते आच्छादनाखाली गेले नाही.

आता आपल्यातील काहींच्या मनात जी शंका आहे तिच्याकडे वळतो, कारण ती रास्त आहे. हातकामाच्या शिक्षणाने गरिबांची मुले पुन्हा बापाच्याच धंद्याला जुंपली जाणार नाहीत काय? ही शंका जुनी आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास गांधीजींनी नई तालीमची योजना मांडली तेव्हा मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शहा यांनी शाळा स्वावलंबी करण्याच्या कल्पनेला विरोध केला. मुलांच्या हातून तयार झालेला स्वस्त माल बाजारात आला तर गरीब कारागिराचेच पोट मारले जाईल, असा त्यांचा मुद्दा होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तो आजही बिनतोड वाटतो. शाळेने खर्च भागविण्यासाठी माल काढावा हे मला मान्य नाही. खर्च सरकारचा. पाबळच्या मुलांनी घेतलेला मोबदला हा शिक्षणाचा भाग होता आणि तो तेवढाच राहिला पाहिजे.

दुसरे उदाहरण अधिक कटू आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेचा दिवस कमी करून उरलेल्या वेळात मुलाने घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. चांभाराचा मुलगा चांभारकाम करील, पुरोहिताचा मुलगा काय करील हे सांगावयास नको. लोकांनी तिला ‘कुलशिक्षण’ असे यथार्थ नाव दिले, आंदोलन झाले आणि १९५४ साली कामराज सत्तेवर येताच ती मागे घ्यावी लागली. बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते की आपल्या समाजात कामेच वाटली गेलेली नाहीत, काम करणारी माणसेही उतरंडीत रचली गेली आहेत. शाळेतील कर्मशाळा ही उतरंड मोडते की पक्की करते, यावरून तिची किंमत करावयाची.

माझी आजची चिंता हीच आहे. मुंबईत एकाच वस्तूला दोन नावे पडू लागली आहेत. लाखो रुपये शुल्क घेणाऱ्या शाळेतील मुलाने डाखणी हातात घेतली की ते ‘नवोन्मेष’ होते. महापालिकेच्या शाळेतील मुलाने घेतली की ते ‘व्यवसाय शिक्षण’. पहिला पुढे अभियंता होणार असे गृहीत धरले जाते, दुसरा मदतनीस. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्यापाशी जाऊन काम पाहावे असे सुचवले आहे. सूचना चांगली आहे. ती दोन्ही शाळांना सारखीच लागू व्हावी आणि त्या सुताराला त्याच्या दिवसांचा मोबदला मिळावा, एवढे आपण मागावयास हवे. कार्यानुभवाची गत आपण पाहिलीच आहे. मुले स्टेशनरीच्या दुकानातून तयार ‘प्रोजेक्ट’ विकत आणतात, आई रात्री जागून डिंक लावते आणि गुणपत्रिकेवर श्रेणी पडते.

मुंबईत कारखाने उरले नाहीत, मग हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. मुले पुढे कारखान्यातच जावीत म्हणून हे शिकवावयाचे नाही. ज्या मुलाने पंखा उघडला आहे त्याला ‘हा दुरुस्त होत नाही, नवा घ्या’ असे दुकानदार म्हणाला तर तो एक प्रश्न विचारतो. ज्या मुलीने पाण्याची पातळी मोजणारे साधे यंत्र स्वतः जोडून नाल्याच्या कडेला लावले आहे, ती पावसाळ्यात हिंदमाता आणि किंग्ज सर्कल का तुंबते याविषयी महापालिकेच्या अभियंत्याशी आकड्यांत बोलू शकेल. नागरिक म्हणून हे सामर्थ्य लहान नव्हे.

आणि साधनांची येथे वाण नाही. फाइव्ह गार्डनच्या बाजूला व्हीजेटीआय आहे. १८८७ साली गिरण्यांसाठी तंत्रज्ञ घडविण्यास ती निघाली आणि १९२३ साली माटुंग्याच्या आवारात आली. पलीकडे रेल्वेचे माटुंगा वर्कशॉप, इकडे बेस्टचे आगार, ट्रक टर्मिनलभोवतीचे फिटर. या सर्वांना शाळेच्या दारातून आत आणावयाचे तर कायदा आपल्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कला आणि आरोग्य-शारीरिक शिक्षणाबरोबर कार्यशिक्षणाचाही अंशकालीन निदेशक असावा, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपले किती साथी पालक म्हणून या समित्यांवर आहेत आणि त्यांपैकी कितीजणांनी निदेशकाचे पद भरले आहे काय हे विचारले? जेथे कर्मशाळा आहे तेथे ती आठवड्यातून किती तास आणि किती मुलांसाठी उघडते, याची नोंदवही समितीपुढे मागण्याचा ठरावही करता येतो. गुणांवर निवड बंद करून सर्व वर्गांना पाळीने प्रवेश द्यावा, ही मागणी त्याच ठरावात घालावी.

अर्जाचा मसुदा मी तयार करून आणला आहे. रेल्वेच्या वर्कशॉपमधून किंवा बेस्टमधून निवृत्त झालेले जे साथी येथे बसले आहेत, त्यांपैकी आठवड्यातील एक दुपार देऊ शकणाऱ्यांनी सभा संपल्यावर आपली नावे आणि आपले काम, म्हणजे फिटर, टर्नर, वायरमन जे असेल ते, माझ्याकडील वहीत लिहावे.